१३-१ वरून २-१०: फ्लोरिडा स्टेट एका वर्षात कोसळलं कसं, आणि कोचला काढून भागतं का?

प्रश्न असा आहे: २०२३ च्या ऑगस्टमध्ये टॅलाहासीला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात एमएससाठी आलो. पहिल्या वर्षी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ नियमित हंगामात एकही सामना हरला नाही, दुसऱ्या वर्षी १२ पैकी १० हरला. तोच कोच, तीच माणसं, तेच मैदान. मग बिघडलं काय? लोक एवढे चिडले असताना कोचला काढत का नाहीत? आणि नुसतं वैतागण्यापलीकडे चाहत्याने करायचं काय?

‘तोच कोच’ बरोबर आहे, माइक नॉर्वेल. ‘तीच माणसं’ मात्र नव्हती, आणि उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे.

एप्रिल २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, फ्लोरिडा स्टेटचे १० खेळाडू निवडले गेले. त्यांच्यापैकी शाळेतून थेट इथे आलेला एकच, कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) रेनार्डो ग्रीन. बाकी नऊ जण दुसरीकडून आलेले. जॅरेड व्हर्स ऑल्बनीचा, ब्रेडन फिस्क वेस्टर्न मिशिगनचा, कियॉन कोलमन मिशिगन स्टेटचा, ट्रे बेन्सन ऑरेगनचा, जॉनी विल्सन अ‍ॅरिझोना स्टेटचा, जहीम बेल साउथ कॅरोलायनाचा, टेटम बेथ्यून यूसीएफचा, जॅरियन जोन्स मिसिसिपी स्टेटचा. ज्याच्या जिवावर संघ चालत होता तो क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) जॉर्डन ट्रॅव्हिससुद्धा मुळात लुईव्हिलहून आलेला. २०२३ चा तो संघ ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, जमवलेला होता आणि जमवणाऱ्याने काम फार चोख केलं होतं. हे यश खोटं नव्हतं. फक्त त्याची मुदत एका हंगामाची होती.

पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं, आधी एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. एप्रिल २०२४ मध्ये ‘एकदा’ ही अटही गेली. अभ्यासात पास असेल तर कितीही वेळा बदला. पोर्टलमधून येणारा चांगला खेळाडू बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा असतो, म्हणजे त्याच्याकडे एक किंवा दोनच हंगाम शिल्लक असतात. भाड्याच्या बैलांवर एक पेरणी निघते. दावणीला स्वतःचं वासरू नसेल तर पुढच्या पेरणीला पुन्हा बाजार गाठावा लागतो. आणि दर वर्षी बाजारात व्हर्स आणि कोलमन मिळत नाहीत.

ही ओढाताण सगळ्यात आधी ऑफेन्सिव्ह लाइनवर उघडी पडते. क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे ते पाच धिप्पाड गडी. शाळेतून आलेल्या पोराला या जागेवर उभं राहायला दोन-तीन वर्षं लागतात: वजन वाढवायचं, पण पाय मंदावू द्यायचे नाहीत, समोरचा बचाव शेवटच्या क्षणी सरकला की कोण कोणाला धरणार हे न बोलता ठरवायचं. पाचातला एक चुकला की बाकी चौघांचं काम वाया जातं. वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) ऑगस्टमध्ये येऊन सप्टेंबरमध्ये चमकू शकतो, लाइन तशी उभी राहत नाही. शिवाय खरोखर चांगला लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा गडी) पोर्टलमध्ये उतरतच नाही, त्याचं विद्यापीठ पैसे मोजून त्याला धरून ठेवतं. बाजारात उरतात ते दुसऱ्या फळीतले, तेही चढ्या भावाने.

२ सप्टेंबर २०२४ चा बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सामना समोर ठेवा. बॉस्टन कॉलेजने चेंडू घेऊन धावत २६३ यार्ड काढले, फ्लोरिडा स्टेटने २१. स्कोअर २८-१३. नऊ दिवस आधी डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून शेवटच्या किकवर २४-२१ असा पराभव झाला होता आणि बरेच जण ‘नशीब फुटकं’ म्हणून गप्प बसले होते. बॉस्टन कॉलेजच्या रात्रीनंतर तसं म्हणायला जागा राहिली नाही. संध्याकाळभर धावून २१ यार्ड निघत असतील, तर समोरच्यांनी आपली लाइन ढकलून बाजूला सारली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

धावणं बंद पडलं की पुढची घसरण ठरलेली असते. संघाला १० यार्ड काढायला चार प्रयत्न मिळतात. पहिल्या प्रयत्नात एक यार्ड मिळाला तर दुसऱ्यात नऊ उरतात, आणि तिसऱ्यावर सात-आठ उरले की समोरच्या प्रत्येकाला कळतं, आता पासच येणार. बचावाचे गडी मागचापुढचा विचार न करता क्वार्टरबॅकवर झेपावतात. तो घाईत फेकतो, मार खातो, जायबंदी होतो. त्या वर्षीचा क्वार्टरबॅक डीजे उइआंगालेले क्लेमसन आणि ऑरेगन स्टेट करून आलेला, त्याचं हे तिसरं विद्यापीठ. चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत तो असाच झोडपला जात होता. एसएमयूविरुद्ध त्याच्या फेकत्या हाताच्या बोटाला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. त्याच्या जागी आलेली दोन्ही पोरं, ब्रॉक ग्लेन आणि ल्यूक क्रोमेनहूक, अजून शिकाऊच होती.

ऑफेन्स तीन प्रयत्नांत आटोपून परतला (चौथ्यावर बहुधा चेंडू लाथेने दूर धाडून देतात) की डिफेन्सला दीड-दोन मिनिटांत पुन्हा मैदानात यावं लागतं. चौथ्या क्वार्टरमध्ये टॅकल सुटताना दिसतात त्यांचं मूळ अनेकदा इथे असतं. म्हणून ‘डिफेन्सही भिकार होता’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. डब्लिननंतर या संघाने वरच्या श्रेणीतल्या एकाही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १६ पेक्षा जास्त गुण केले नाहीत. १६ गुणांवर सामने राखणारा डिफेन्स फार थोड्यांकडे असतो.

आता नशिबाचं. वाईट हंगाम दोन प्रकारचा असतो: फासे उलटे पडलेला आणि मुळात कुजलेला. चाहत्याचा राग दोन्हीकडे सारखाच असतो, उपाय मात्र अगदी वेगळे. फरक ओळखायला घरबसल्या करता येईल असा हिशेब आहे.

हंगामात केलेले एकूण गुण घ्या, त्यांना दिलेल्या एकूण गुणांनी भागा. आलेल्या संख्येचा २.३७ वा घात काढा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तेवढं बटण असतं. मिळालेल्या उत्तराला ‘तेच उत्तर अधिक १’ ने भागा आणि सामन्यांच्या संख्येने गुणा. हा संघ साधारण किती सामने जिंकण्याच्या लायकीचा खेळला, ते त्यातून कळतं. फ्लोरिडा स्टेट २०२४: केलेले १८५, दिलेले ३३६. भागाकार ०.५५१, घात ०.२४३, म्हणजे ०.२४३ भागिले १.२४३ बरोबर ०.१९६, गुणिले १२. उत्तर २.३५. प्रत्यक्षात जिंकले दोन. फाशांनी काहीही चोरलेलं नाही. आठ किंवा कमी गुणांनी गेलेले पराभव तीनच: जॉर्जिया टेक, मेम्फिस, ड्यूक. आणि कॅलिफोर्नियाविरुद्धचा १४-९ विजयही तसाच निसटता होता. उरलेले सात पराभव १५ ते ४९ गुणांच्या फरकाचे. त्यातही चार्ल्सटन सदर्न या खालच्या श्रेणीतल्या संघाविरुद्धचा ४१-७ विजय बाजूला काढा, तो काढलाच पाहिजे. मग उरलेल्या ११ सामन्यांत सरासरी १३ गुण केले आणि जवळजवळ ३० दिले.

याच्या उलट उदाहरण नेब्रास्का २०२१. तीन विजय, नऊ पराभव, पण नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाचे आणि हंगामभराची गोळाबेरीज केली तर दिलेल्यापेक्षा ६३ गुण जास्त केलेले. त्या संघाला निसटत्या शेवटांनी मारलं. अशा ठिकाणी सगळं मोडून नव्याने बांधण्याआधी किकर, वेळेचं नियोजन, शेवटच्या चार मिनिटांतले निर्णय यांची झडती घ्यावी.

हा हिशेब यशाच्या वर्षालाही लावावा, तिथे चाहते तो लावत नाहीत. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने बॉस्टन कॉलेजला ३१-२९ हरवलं, त्या दिवशी बॉस्टन कॉलेजने १८ पेनल्टी केल्या होत्या. आठवडाभराने क्लेमसनचा २९ यार्डांचा सोपा फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून धाडणं) पावणेदोन मिनिटं उरली असताना हुकला आणि सामना जादा वेळेत ३१-२४ असा जिंकला. संघ चांगला होताच, पण दोन्ही शेवट आपल्या बाजूने पडले होते. ‘१३-०’ (शेवटचा सामना हरण्याआधीचा) हा आकडा डोक्यात पक्का बसला की पुढच्या वर्षी १०-२ सुद्धा अपयश वाटतं, आणि २-१० तर विश्वासघात.

हिशेबात नेहमीच्या चुका दोन होतात. पहिली, खालच्या श्रेणीतल्या संघांना धुतलेले गुण तसेच ठेवणं. दुसरी, चेंडू हातातून सुटण्याचे आकडे आहेत तसे धरणं. जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं. अंडाकृती चेंडू कसाही उसळतो. म्हणून किती फंबल झाले ते मोजा, किती परत मिळवले त्यावरून संघाची किंमत करू नका.

एक पायरी आणखी खाली जायचं असेल तर एका सामन्याचा प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक प्रयत्न, लिहून काढा. एका संघाचे ६०-७० प्ले असतात, तासाभराचं काम. पहिल्या प्रयत्नात हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले, दुसऱ्यात ७० टक्के मिळाले, तिसऱ्या-चौथ्यात सगळे मिळाले, तर तो प्ले यशस्वी. सामना हाताबाहेर गेल्यानंतरचे प्ले मोजू नका. यशाचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या वर असेल तर ऑफेन्स ठीक चाललाय, ३५ च्या खाली असेल तर स्कोअरबोर्ड काहीही म्हणो, दुखणं खोल आहे. टीव्हीवर दाखवलेल्या तीन-चार ठळक चुकांपेक्षा हा कागद कितीतरी जास्त सांगतो.

कोचला का काढलं नाही? कारण जानेवारी २०२४ मध्ये सही झालेला करार. माझ्या मते चाहत्यांचा राग जिथे वळायला हवा ती जागा ही. क्रम पाहा. १८ नोव्हेंबर २०२३ ला ट्रॅव्हिसचा पाय मोडला. २ डिसेंबरला संघाने लुईव्हिलला १६-६ हरवून आपली कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट) जिंकली. दुसऱ्या दिवशी निवड समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा यांना प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या फेरीत, घेतलं आणि अपराजित फ्लोरिडा स्टेटला वगळलं. मोठ्या पाच कॉन्फरन्समधला अपराजित विजेता बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ. तो अन्याय होता आणि त्याबद्दलची चीड रास्त होती. त्यानंतर ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात दोन डझनांहून जास्त खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ केलं. १० जानेवारीला अलाबामाचे निक सेबन निवृत्त झाले, त्यांच्या जागी माइक नॉर्वेल यांचं नाव चर्चेत आलं, आणि विद्यापीठाने त्यांना आठ वर्षांचा, वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त पगाराचा नवा करार दिला. दुखावलेल्या, घाबरलेल्या मनःस्थितीत आणि कोचचा भाव सर्वांत चढा असताना झालेली ही सही. दहा महिन्यांनी काढायचं म्हटलं तर भरपाई सहा कोटी डॉलरच्या वर जात होती.

कोचचा करार वाचताना पगाराच्या आकड्यावर थांबू नका. उरलेल्या पगारापैकी किती टक्के हमीचा आहे ते पाहा. दुसरी नोकरी मिळाली तर तो पगार भरपाईतून वजा होतो का, ते पाहा. हे कलम सगळ्यात महागडं ठरतं. जिंबो फिशर, ज्यांनी २०१३ मध्ये फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, त्यांना टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलं तेव्हा साडेसात कोटींहून जास्त डॉलर देणं लागलं आणि वजावटीची अटच नव्हती. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा देणं जवळपास ४.९ कोटींचं होतं. ते साधारण पाच आठवड्यांत व्हर्जिनिया टेकला गेले आणि तडजोड ९० लाखांवर झाली. रक्कम कोणत्या तारखेला उतरते, हेही बघा. नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं तेव्हा दीड कोटी मोजले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर निम्मे लागले असते. तीन आठवड्यांसाठी ७५ लाख डॉलर.

भरपाईवर खर्च संपतही नाही. सहायक कोचांचे करार वेगळे, नव्या कोचच्या जुन्या विद्यापीठाला द्यायचे पैसे वेगळे. आणि मुख्य कोच बदलला की त्या संघाच्या खेळाडूंसाठी पोर्टलची खास खिडकी उघडते. जे थोडे चांगले खेळाडू उरलेत, नेमके त्यांनाच बाहेरून फोन येतात. आधीच घरचं पीक कमी असलेल्या संघाला हा फटका जास्त बसतो.

म्हणून नोत्र दामकडून ५२-३ असा मार खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी, १० नोव्हेंबर २०२४ ला, ऑफेन्सचे अ‍ॅलेक्स अ‍ॅटकिन्स, डिफेन्सचे अ‍ॅडम फुलर आणि रिसीव्हरचे कोच रॉन ड्यूगन्स यांना काढण्यात आलं. ऑफेन्सला गस मॅलझान आणि डिफेन्सला टोनी व्हाइट आले. नॉर्वेल यांनी आपल्या पगारातले ४५ लाख डॉलर सोडले. क्वार्टरबॅक म्हणून आला टॉमी कॅस्टेलानोस, आदल्या वर्षी त्या २१ यार्डांच्या रात्री बॉस्टन कॉलेजकडून खेळलेला. ३० ऑगस्ट २०२५ ला या संघाने अलाबामाला ३१-१७ हरवलं, आणि तरी हंगाम ५-७ वर संपला.

वरचा हिशेब इथे लावला की गंमत कळते. ७७-३ आणि ६६-१० हे दोन एकतर्फी विजय बाजूला काढले तर उरलेल्या दहा सामन्यांत २५३ गुण केले, २५१ दिले. म्हणजे दहापैकी पाच जिंकण्याची लायकी, जिंकले तीन. सातपैकी चार पराभव आठ किंवा कमी गुणांचे: व्हर्जिनिया, मायामी, पिट्सबर्ग, स्टॅनफर्ड. २०२४ चा संघ कुजलेला होता, २०२५ चा मध्यम होता आणि त्याचे फासे उलटे पडले. पण एक गोष्ट फाशांवर ढकलता येत नाही: परक्या मैदानावरचे पाचही सामने हरले. गोंगाटात लाइनला खूण ऐकू येत नाही, तिथे सरावाने बसलेली शांत समज लागते आणि ती एका उन्हाळ्यात येत नाही. सहायक बदलून गुणसंख्या दुरुस्त झाली, पाया झाला नाही. मला नॉर्वेल यांना ठेवण्याचा निर्णय पैशाच्या दृष्टीने समजतो, खेळाच्या दृष्टीने तो पटलेला नाही.

चाहत्याने करायचं काय? विद्यार्थी असाल तर सामन्याला जायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण रिकाम्या खुर्च्यांचा आणि बंद टीव्हीचा परिणाम आता थेट तिजोरीवर होतो. मार्च २०२५ च्या तडजोडीनंतर फ्लोरिडा स्टेटची एसीसी कॉन्फरन्स टीव्हीच्या पैशांचा मोठा वाटा पाच वर्षांच्या सरासरी प्रेक्षकसंख्येवर वाटते. शिवाय २०२५-२६ पासून विद्यापीठाला खेळाडूंना स्वतः पैसे देता येतात, सगळ्या खेळांना मिळून त्या पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. माजी विद्यार्थी म्हणून देणगीचा फोन आला तर दोन गोष्टी विचारा: या पैशातला लाइनवर किती जातो, आणि शाळेतून घेतलेली किती पोरं तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली? ‘आम्ही सगळे एकत्र आहोत’ छापाचं उत्तर मिळालं तर पाकीट खिशात ठेवा.

राग खेळाडूंच्या इन्स्टाग्रामवर काढू नका. १९ वर्षांच्या पोराने चेंडू सोडला म्हणून त्याच्या आईला शिव्या पाठवणारे लोक आहेत, पैजेत पैसे गेलेले त्यात बरेच. त्याने ना करार केला, ना संघ जमवला.

पुढच्या हंगामाचा अंदाज हवा असेल तर ऑगस्टमध्ये प्रसिद्ध होणारा डेप्थ चार्ट छापून घ्या. ऑफेन्स-डिफेन्सच्या २२ जागा, प्रत्येकी पहिला आणि दुसरा, एकूण ४४ नावं. प्रत्येकापुढे लिहा: शाळेतून आलेला की पोर्टलमधून, इथलं कितवं वर्ष, किती हंगाम शिल्लक. दुसऱ्या रांगेत, म्हणजे राखीव खेळाडूंत, घरची दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरं निम्म्याहून कमी असतील तर हंगाम संपला की पुन्हा बाजार आला म्हणून समजा. लाइनच्या पाचांत तिघे त्याच वर्षी आलेले असतील तर सप्टेंबरबद्दल फार आशा बाळगू नका. पहिल्या तीन सामन्यांत, खालच्या श्रेणीचा संघ वगळून, पहिल्या प्रयत्नावर धावून सरासरी किती यार्ड निघतात ते लिहीत जा. चारच्या वर असेल तर क्वार्टरबॅकला वेळ मिळेल. तीनच्या खाली असेल तर तो कोणीही असो, ऑक्टोबरपर्यंत तुम्ही त्याच्या बदलीचं नाव शोधत असाल.